पाट्या बदलल्या, थकबाकी उरली

विभक्त झालेल्या आईबापांपैकी जो मुलाजवळ राहत नाही, त्याच्याकडून मुलाच्या निर्वाहाची रक्कम घेऊन ती मुलाचा सांभाळ करणाऱ्याच्या हाती पोचविणे, हे काम ब्रिटनमध्ये मुख्यतः न्यायालयाचे नसून सरकारी खात्याचे आहे. या कारभारात आणखी एक फेरबदल करण्याचे तेथील सरकारने २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केले. रक्कम किती ते खात्याने ठरवावे आणि देणेघेणे मात्र आईबापांनी परस्पर उरकावे, ही ‘डायरेक्ट पे’ पद्धत मोडीत काढावयाची आणि सर्व रकमा खात्यामार्फतच द्यावयाच्या, असा हा निर्णय आहे. एका तपापूर्वी हीच पद्धत कौटुंबिक सामंजस्याचा मार्ग म्हणून पुढे करण्यात आली होती. १९९३ पासून या व्यवस्थेने तीन नावे धारण केली आणि रक्कम ठरविण्याची तीन सूत्रे वापरून पाहिली. प्रत्येक वेळी मंत्र्यांनी नव्या पर्वाची ग्वाही दिली, आणि प्रत्येक वेळी काही वर्षांनी थकबाकीचे आकडे घेऊन लेखापरीक्षक पुढे उभे राहिले.

ज्या देशाची मुलकी सेवा जगाला आदर्श म्हणून दाखविली जाते, त्या देशाला एवढे एक काम का साधू नये? संगणक बिघडला, सूत्र क्लिष्ट होते, कर्मचारी अपुरे पडले, ही उत्तरे खोटी नाहीत. पण ती पुरेशीही नाहीत. खरा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. उत्तरदायित्व म्हणजे तक्रारीचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यावा याची माहिती नव्हे. कामात विलंब किंवा चूक झाली तर तिचे नुकसान कोणी सोसायचे, या प्रश्नाच्या उत्तरात ते असते. ब्रिटनमध्ये हे नुकसान आरंभापासून मुलाच्याच वाट्याला आले, आणि म्हणूनच ते थांबविण्याची निकड खात्याला कधी पुरेशी भासली नाही.

न्यायालयाकडून खात्याकडे

१९९३ पूर्वी निर्वाहाची रक्कम न्यायालये ठरवीत. ती बहुधा तुटपुंजी असे, एका न्यायालयात एक तर दुसऱ्यात दुसरीच असे, आणि ठरली तरी नियमाने मिळेलच याचा भरवसा नसे. १९८० नंतरच्या दशकात एकट्याने मुले वाढविणाऱ्या मातांची संख्या वाढली. त्यांतील अनेकींचा संसार सरकारी साहाय्यावर चालू लागला. बापाने झटकलेली जबाबदारी करदात्याच्या खांद्यावर येऊ लागली, तेव्हा मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९९० साली ‘मुले आधी’ अशा अर्थाच्या मथळ्याची श्वेतपत्रिका काढली. १९९१ मध्ये कायदा झाला आणि ५ एप्रिल १९९३ रोजी ‘चाइल्ड सपोर्ट एजन्सी’ कामाला लागली.

या कल्पनेत मूलतः काही वावगे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. सर्वांना एकच सूत्र लागू असावे, वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणा मातेचा हक्क बुडू नये, आणि मूल जन्माला घालणाऱ्याने त्याचा भार समाजावर टाकून मोकळे होऊ नये, ही तत्त्वे न्याय्यच आहेत. जबाबदारी टाळणाऱ्याला त्या टाळण्याची किंमत द्यावी लागत नसेल तर टाळणाऱ्यांची संख्या वाढते, हा तर अर्थशास्त्रातील अगदी प्राथमिक धडा. चूक झाली ती तत्त्वात नव्हे. ते तत्त्व कोणाच्या सोयीसाठी राबविले गेले, येथे ती झाली.

श्वेतपत्रिकेच्या मथळ्यात मुले आधी होती; व्यवहारात कोषागार आधी होते. सरकारी साहाय्य घेणाऱ्या मातेसाठी बापाकडून जेवढे पौंड वसूल होत, तेवढेच तिच्या साहाय्यातून कापले जात. परिणामी बापाच्या खिशातून पैसा गेला तरी मुलाच्या ताटात घासभर अन्न वाढले नाही. बापाला वाटे, आपला पैसा मुलाला नव्हे, सरकारला जातो. आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. उलट बापाचे नाव सांगण्यास सबळ कारणाशिवाय नकार देणाऱ्या मातेचे साहाय्य कमी करण्याची तरतूद मात्र कायद्यात होती. एजन्सीला पहिल्याच वर्षी साहाय्याच्या खर्चात ५३ कोटी पौंडांची बचत करण्याचे उद्दिष्ट देण्यात आले होते. ज्या संस्थेचे यश बचतीच्या आकड्यावर मोजले जाते, ती संस्था बचतच शोधणार. जो बाप दडून बसला आहे त्याचा माग काढण्यापेक्षा, जो आधीपासून थोडेबहुत देत आहे त्याच्याकडून अधिक घेणे सोपे, अशी या एजन्सीची वृत्ती असल्याची टीका तेव्हाच झाली. मुलाला मिळणारी रक्कम साहाय्यातून अजिबात न कापण्याचा नियम व्हावयास २०१० चा एप्रिल उजाडावा लागला.

कोणाचे डोके, कोणाचा निर्णय

पहिले सूत्रही असे की, एका प्रकरणाचा हिशेब करण्यासाठी शंभराहून अधिक बाबींची माहिती गोळा करावी लागे. घटस्फोटाच्या वेळी घर पत्नीच्या नावे करून देऊन ज्यांनी देणे चुकते केले होते, त्या व्यवहारांची दखलही या सूत्राने घेतली नाही. निदर्शने झाली, खासदारांकडे पत्रांचा ओघ सुरू झाला, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये एजन्सीच्या पहिल्या मुख्याधिकारी रॉस हेपलव्हाइट यांनी राजीनामा दिला. १९९५ च्या दुरुस्तीने सूत्राला काही अपवाद जोडण्यात आले. म्हणजे क्लिष्ट सूत्र अधिक क्लिष्ट झाले.

येथे या एजन्सीची प्रशासकीय जात ध्यानात घेतली पाहिजे. धोरण मंत्र्यांनी ठरवावे आणि अंमलबजावणी निमस्वायत्त कार्यकारी संस्थांनी करावी, असा प्रशासकीय सुधारणेचा कार्यक्रम थॅचर सरकारने १९८८ पासून हाती घेतला होता. चाइल्ड सपोर्ट एजन्सी ही त्याच मुशीतून निघाली. कागदावर ही विभागणी नेटकी दिसते. प्रत्यक्षात मात्र संसदेत प्रश्न आला की मंत्री म्हणणार, हा दैनंदिन कारभाराचा भाग आहे. आणि मुख्याधिकाऱ्याने तोंड उघडलेच तर तो म्हणणार, हा धोरणाचा भाग आहे. सूत्र संसदेने केलेले, उद्दिष्ट सरकारने दिलेले, संगणक कंत्राटदाराने पुरविलेला. राजीनामा मात्र मुख्याधिकाऱ्याचा. जबाबदारीचे असे तुकडे पडले की त्यांतला एकही तुकडा कोणाच्या हाती नीटसा लागत नाही.

मजूर पक्षाच्या सरकारने २००० साली सुटसुटीत सूत्र आणले. एका मुलासाठी निव्वळ उत्पन्नाच्या १५ टक्के, दोन मुलांसाठी २० टक्के, तीन वा अधिक मुलांसाठी २५ टक्के. शाळकरी मुलालाही समजेल असा हा हिशेब. परंतु तो करणारा नवा संगणक वेळेवर तयार झाला नाही. सूत्र लागू होण्यास मार्च २००३ उजाडले. ‘ईडीएस’ या कंपनीने पुरविलेल्या या यंत्रणेचे कंत्राट ४५.६ कोटी पौंडांचे होते. पुढच्याच वर्षी एजन्सीचे तत्कालीन मुख्याधिकारी डग स्मिथ पायउतार होत असल्याचे जाहीर झाले. नोव्हेंबर २००५ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी संसदेतच मान्य केले की, या एजन्सीची घडण तिच्या कामाला योग्य नाही. २००६ च्या अहवालात राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले की, सुधारणांवर ५३.९ कोटी पौंड खर्च होऊनही अर्जांचे ढीग साचले होते. थकबाकी तीनशे कोटी पौंडांच्या पलीकडे गेली होती आणि तिचा मोठा भाग वसूल होण्याची आशा नव्हती. एजन्सीच्या हातून जाणाऱ्या रकमांच्या हिशेबावर महालेखापरीक्षकांचे प्रतिकूल शेरे तर वर्षामागून वर्षे येतच होते.

हक्क खात्याचा, हानी मुलाची

परंतु या साऱ्या कहाणीतील सर्वांत उद्बोधक प्रकरण लेखापरीक्षणाचे नाही, न्यायालयाचे आहे. चार मुलांच्या एका मातेने एजन्सीच्या दिरंगाईला कंटाळून असा प्रश्न उपस्थित केला की, एजन्सी वसुली करीत नसेल तर आपण स्वतः न्यायालयात जाऊन ती का करू नये? २००५ साली हे प्रकरण उमरावांच्या सभागृहातील न्यायाधीशांपुढे आले. त्या काळी तेच देशाचे सर्वोच्च न्यायपीठ होते. पाचांपैकी चौघांनी निर्णय दिला की, १९९१ च्या कायद्याने वसुलीचा अधिकार केवळ मंत्र्याकडे दिला आहे. मातेला तसा स्वतंत्र हक्क नाही. एकट्या बॅरोनेस हेल यांनी भिन्न मत नोंदविले. आईबापांकडून निर्वाह मिळणे हा मुलाचा हक्क आहे आणि खाते तो बजावून देण्यापुरते आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही मातेच्या पदरी यश पडले नाही.

याला दोन वर्षे होतात न होतात तोच, २००७ मध्ये अपील न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात ठरविले की, एजन्सीच्या हलगर्जीपणामुळे मुलांचे वा मातेचे नुकसान झाले तरी त्याबद्दल भरपाईचा दावा चालणार नाही. कारण कायद्याने अपिलाचे व तपासाचे इतर मार्ग दिलेले आहेत. हे दोन निर्णय एकत्र वाचले म्हणजे चित्र स्पष्ट होते. वसुली तुम्ही करू शकत नाही, कारण तो सरकारचा अधिकार. आणि सरकारने ती केली नाही तर नुकसानीबद्दल सरकारला न्यायालयात खेचू शकत नाही. खाजगी सावकारालाही इतके निर्धास्त वसुलीपत्र कोणी लिहून देणार नाही.

इतर मार्ग नाहीत असे नाही. रकमेचा हिशेब चुकला तर न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. वागणुकीबद्दल वा दिरंगाईबद्दल तक्रार असेल तर प्रथम खात्यातच ती द्यावयाची, मग १९९७ पासून नेमण्यात आलेल्या स्वतंत्र परीक्षकाकडे जावयाचे, आणि शेवटी खासदारामार्फत संसदीय लोकपालाकडे. या शिडीची प्रत्येक पायरी सद्‌हेतूने बांधलेली आहे. पण ती चढण्यात लागणारा काळ मुलाच्या वयातून वजा होतो. शिवाय ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप, त्या मुलाला स्वतःला इंग्लंडमध्ये अर्ज करण्याचाही अधिकार नाही. स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांच्या मुलाला तो आहे.

बाजारातील किंमत आणि घरातील भांडण

सर डेव्हिड हेनशॉ यांच्या २००६ च्या अहवालानंतर जुनी एजन्सी बंद करून स्वतंत्र आयोग नेमण्याचे ठरले. ‘चाइल्ड मेंटेनन्स अँड एन्फोर्समेंट कमिशन’ २००८ साली अस्तित्वात आले आणि २०१२ साली विसर्जितही झाले. काम कार्य व निवृत्तिवेतन खात्याकडे परत आले व ‘चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस’ अशी नवी पाटी लागली. करखात्याकडील ढोबळ उत्पन्नाचा आकडा थेट घेऊन त्यावर टक्केवारी लावणारे तिसरे सूत्र आले. ते निश्चितच अधिक व्यवहार्य आहे.

मात्र त्याबरोबर शुल्कही आले. २०१४ पासून अर्जासाठी २० पौंड; खात्याने वसुली करावी असे वाटत असेल तर देणाऱ्यावर २० टक्के अधिभार आणि घेणाऱ्याच्या रकमेतून ४ टक्के कपात. शुल्काच्या भीतीने आईबाप आपसात समझोता करतील, असा युक्तिवाद होता. तो पाठ्यपुस्तकातला आहे, पण चुकीच्या धड्यातला. ग्राहकाला निवड असते तेथेच किंमत त्याच्या वर्तनाला वळण लावते. जिचा पूर्वीचा पती एक पौंडही स्वखुशीने देत नाही, तिच्यापुढे निवड कोणती? तिच्याकडून घेतलेले ४ टक्के हे समझोता न करण्याचे शुल्क नव्हे. दुसऱ्याच्या आडमुठेपणाबद्दल मुलावर बसविलेला तो कर आहे. अर्जाचे शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द झाले. ती उशिरा आलेली सुबुद्धी म्हणावी लागेल.

‘डायरेक्ट पे’चा अनुभवही असाच. या पद्धतीत मातेने तक्रार केली नाही तर रक्कम मिळाली असेच खाते धरून चालते. तक्रार करण्याची जिला धास्ती वाटते, तिचे मौन समाधानाच्या रकान्यात जमा होते. छळ करणाऱ्या जोडीदाराच्या हाती, पैसे कधी द्यायचे, किती द्यायचे, अगर द्यायचेच नाहीत, हे छळाचे नवे साधन आले. २०२३ च्या एका कायद्याने अशा प्रकरणांत खात्यामार्फत वसुलीचा मार्ग मोकळा करण्याचे ठरले, आणि २०२५ च्या निर्णयाने ही पद्धतच निकालात निघणार आहे.

राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ साली दिलेला निष्कर्ष साध्या शब्दांत असा होता: या सुधारणांनी सरकारचा सहभाग कमी झाला, खर्च कमी झाला, पण ज्यांत मुलाला खरोखर पैसे मिळतात अशा व्यवस्थांची संख्या समाजात वाढली नाही. नव्या सेवेची थकबाकी याच गतीने वाढत गेली तर २०३१ पर्यंत ती शंभर कोटी पौंडांवर जाईल, असा इशाराही त्यात होता. जुन्या एजन्सीच्या काळातील थकबाकीचे काय झाले? २०१८ च्या धोरणानुसार तिचा फार मोठा भाग निर्लेखित करण्याचा मार्ग धरण्यात आला. जी मुले त्या रकमांची धनी होती, त्यांतील कित्येक तोवर सज्ञान झाली होती. धनको एक आणि कर्ज सोडून देणारा दुसराच, असा हा विलक्षण जमाखर्च आहे.

नुकसान कोणी सोसावे?

देणाऱ्याची बाजूही विसरून चालणार नाही. हे खाते न्यायालयात न जाता पगारातून परस्पर कपात करू शकते. प्रकरण पुढे गेल्यास वाहनपरवाना वा पारपत्र जाऊ शकते, सहा आठवड्यांपर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो. हिशेब सामान्यतः करखात्याकडील मागील वर्षाच्या उत्पन्नावर होतो आणि २०१२ च्या नियमांप्रमाणे चालू उत्पन्नात किमान २५ टक्के फरक पडल्याशिवाय तो बदलत नाही. ज्याची नोकरी डळमळीत आहे अशा कामगाराला हे जाचक ठरते. स्वतःच्या कंपनीतून हवे तसे उत्पन्न दाखविणारा मात्र निसटतो. तेव्हा उत्तरदायित्वाची गरज दोन्ही बाजूंना आहे. इतके मोठे अधिकार असलेल्या खात्याने चुकीची झळ स्वतःला लागू न देता काम करावे, हे कोणाच्याच हिताचे नाही.

हे काम मुळातच कडवटपणाचे आहे, तुटलेल्या संसारातील राग कोणत्याही कार्यालयात येऊन आदळणारच, असे सरकारच्या वतीने म्हटले जाते. ते खरे आहे. पण हा राग इतर देशांतही असतो. स्वीडनमध्ये १९३७ पासून निर्वाहाची रक्कम सरकारने आगाऊ द्यावी आणि मागाहून ती देणेकऱ्याकडून वसूल करावी, अशी पद्धत आहे. जर्मनीने १९८० पासून अशी उचल सुरू केली. या रचनेतील मर्म उदारपणाचे नाही. वसुलीला उशीर झाला तर मुलाच्या ऐवजी तिजोरीला चिमटा बसतो, हे ते मर्म. आणि तिजोरीला चिमटा बसला की खाती जागी होतात. ब्रिटनला ही कल्पना अपरिचित नव्हती. एकल पालकांच्या कुटुंबांविषयीच्या फायनर समितीने १९७४ सालीच हमीच्या निर्वाहभत्त्याची शिफारस केली होती. ती खर्चिक म्हणून बाजूला पडली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत फसलेले संगणक, विसर्जित आयोग आणि बुडीत थकबाकी यांवर झालेला खर्च पाहता, ती काटकसर कितपत खरी ठरली याचा विचार व्हावा.

भारतात अशी सेवा नाही; ब्रिटनने १९९३ मध्ये ज्या न्यायालयीन मार्गाची मक्तेदारी मोडली, तोच येथे आजही प्रमुख मार्ग आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. दरमहा ५०० रुपयांची मर्यादा २००१ साली उठली, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उभय पक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्याचा व अर्जाच्या तारखेपासून पोटगी धरण्याचा दंडक घालून दिला. तरीही निकालपत्र हाती असणे आणि पैसे हाती पडणे यांतील अंतर न्यायालयाच्या आवारात खेटे घालणाऱ्या प्रत्येक मातेला ठाऊक आहे. वसुलीचे काम एखाद्या सरकारी खात्याकडे सोपवावे, हा विचार त्यामुळे मोहक वाटेल. ब्रिटनचा अनुभव त्याला सरसकट नकार देत नाही. तो अटी सांगतो. खात्याचे यश सरकारच्या बचतीवर नव्हे, मुलाच्या हाती पडलेल्या रकमेवर मोजावे. खाते ठराविक मुदतीत वसुली करू शकले नाही, तर मातेला स्वतः न्यायालयात जाण्याचा हक्क असावा. आणि खात्याच्या चुकीमुळे बुडालेली रक्कम खात्याने भरून द्यावी.

ब्रिटिश सरकारच्या २०२५ च्या निर्णयाची परीक्षाही याच कसोट्यांवर व्हावयास हवी. पैसे आता खात्याच्या हातून जातील. ते चुकले तर कोणाचे चुकले हे निदान दिसेल. एवढ्यावरच समाधान मानले तर ती आणखी एक पाटी ठरेल. नुकसानीचा भार जोवर मुलाच्या खांद्यावरून उतरत नाही, तोवर कार्यालयाचे नाव काहीही असो, थकबाकीच्या वह्या वाढतच राहतील. आणि त्या वह्यांतील हिशेब जुळेपर्यंत कोणाचेही बालपण थांबून राहत नाही.